'कब्जा घेतला'खालची सही

मुफ्ती साहेबांच्या सहीच्या वर माझी खोटी सही आहे.

काल दुपारी त्यांना मिट्टी दिली. बायका कब्रस्तानात जात नाहीत, म्हणून मी समोरच्या पिठाच्या गिरणीपाशी उभी राहिले. तेव्हापासून एका जागी बसवत नाहीये.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : उदगीरच्या ज्या बिनव्याजी पतसंस्थेत मी क्लार्क आहे, तिथले ते धार्मिक सल्लागार. व्यवहार शरीयतला धरून आहे का, ते बघायचे. त्यांच्या सहीशिवाय चेअरमनसुद्धा नफा वाटू शकत नव्हते.
पगार शून्य. चहासुद्धा घरून पिऊन यायचे.

मी जळकोटकडची, बौद्ध घरातली, आमच्या घरातली पहिली बी.कॉम. नोकरी लागली तेव्हा शेजारच्या मावशी म्हणाल्या, "व्याजच घेत न्हाईत तर तुला पगार कुठून देत्यात माय?"

मी तेच पहिल्या दिवशी मुफ्ती साहेबांना विचारलं.
"अच्छा सवाल है," ते म्हणाले. "चेअरमन साब ने आज तक नै पूछा."

मग समजावून सांगितलं. सभासदाला पाण्याची मोटर हवी असेल तर संस्थेनं ती आधी स्वतः विकत घ्यायची, ताब्यात घ्यायची, आणि मग ठरलेला नफा लावून त्याला हप्त्यानं विकायची.

"बीच में चीज अपनी होना, बेटी. एक घंटा क्यों न हो. जली तो अपनी जली. वो डर उठाया तो नफा हलाल. नै तो वो ब्याजच है, टोपी पहना हुआ."

ती मोटर खरंच 'अपनी' झाली का, हे बघायचं काम माझं. दुकानात जायचं, हात लावायचा, नंबर उतरवायचा, 'कब्जा घेतला' लिहून सही करायची. खाली मुफ्ती साहेबांची सही.

मग तो दुष्काळ आला. लातूरला रेल्वेनं पाणी आलं, ते वर्ष. बोअर खोल गेले, जो तो मोठी मोटर मागायला लागला. त्यात उदगीर जिल्हा होणार अशी हवा. चेअरमन म्हणायचे, "नव्या जिल्ह्यातली पहिली संस्था आपली. ताळेबंद तगडा दिसला पाहिजे."

मॅनेजर म्हणाले, "ऊन बघून राहिली ना? दुकानदाराला फोन कर, नंबर घे, सही टाक. मोटर काय पळून चालली का?"

सात मोटरी.
सातही वेळा मी टेबलावरून उठले नाही.

सातवी मोटर घेऊन एक काकू रिक्षानं थेट ऑफिसात आल्या. बिलावर साडेसात एचपी, खोक्यात पाच.
"पाणीच वर येईना. तुम्ही बघितली न्हवती का बाई?"

मुफ्ती साहेब समोरच बसले होते.
"बेटी, तू गई थी?"

'नाही' म्हटलं असतं तर कब्जाच नव्हता, म्हणजे विक्रीच खोटी. सातही मोटरींचा नफा ताळेबंदातून काढून दान करावा लागला असता. मॅनेजर माझ्याकडे बघत होते. पाणी नाही म्हणून बांधकामं बंद, बाबांचं गवंडीकाम बंद. घरात एकच पगार, माझा.

"हो, गेले होते. एचपी बघायचा राहिला."


"ठीक है. तेरी जबान काफी है."

काकूंना मोटर बदलून मिळाली, खर्च संस्थेनं सोसला. वर्षाचा व्यवहार शरीयतला धरून झाला, या दाखल्यावर मुफ्ती साहेबांनी पुढे सहीही केली.

पण त्या प्रश्नाच्या दुसऱ्याच दिवशी दुकानाच्या पायरीवर ते छत्री घेऊन उभे.
"अब से मैं भी आता."

सत्तरी ओलांडलेली, गुडघे गेलेले. तरी प्रत्येक मोटरीपाशी खाली बसायचे, चष्मा पुसून प्लेट वाचायचे.
दुकानदार एकदा म्हणाला, "मुफ्ती साब, मोटर का निकाह पढा रहे क्या?"
"हव. तू गवाह है. सच बोल, कितने एचपी?"

गावोगाव बोललं जाऊ लागलं, तिथं माल बघून देतात. त्या टंचाईतही लोक आमच्याकडे ठेवी ठेवायला आले. संस्था वाढली ती त्या म्हाताऱ्या पायांवर. आणि ते पाय उन्हात निघाले माझ्या खोट्यामुळे.

त्यांना कळलं होतं का? मी इतकी वर्षं त्यांच्यासोबत चालले. विचारलं नाही.

आज सकाळी शोकसभा झाली. चेअरमन म्हणाले, "इतक्या वर्षांत आपल्याकडं एकबी खोटा कागद सापडला न्हाई. पद्धत पक्की हाय. नव्या सल्लागारांना दुकानात हिंडवायची गरज न्हाई, कागद बघून सही करतील."
नवे सल्लागार म्हणजे चेअरमनचे भाचे. गुरुवारच्या मीटिंगमध्ये ठराव आहे.

खोटा कागद सापडला नाही. मी टाळ्या ऐकत बसले होते.

नंतर मॅनेजरना केबिनमध्ये गाठून म्हटलं, त्या सात सह्यांचं आता सांगून टाकते. ते म्हणाले,
"सात मोटरींसाठी सगळी संस्था ढवळणार का? ज्यांना सांगायचं ते तर गेले."

दुपारी घरी फोन केला. बाबांना सगळं सांगितलं.  त्यांनी विचारलं, "त्यांना पगार किती होता म्हणलीस?"
"काहीच नाही."
"म्हणून ते विचारू शकत होते. तुला पगार हाय, तुला जड जाईल. जाऊ दे जड."

चार वाजता लेखी अर्ज दिला. सात मोटरींची यादी, तारखांसह. त्यांचा नफा दान करावा. दुकानात जाऊन माल बघायची पद्धत बंद करू नये. सल्लागार चेअरमनच्या नात्यातला नसावा. पोच घेताना मॅनेजरनी शिक्का दोनदा मारला, पहिला पुसट आला म्हणून.

गुरुवारनंतर मी तिथं असेन की नाही, माहीत नाही. सभासदांपैकी कुणी हे वाचत असेल तर मीटिंगला या. नुसतं येऊन बसा.

मुफ्ती साहेब, तुम्ही माझ्या शब्दावर सही केली होती. तो शब्द आज मी परत घेतला आहे.

तुम्हाला सलाम. आणि माझ्या घरचा जय भीम.