नेपाळ, भूतान आणि धाकटी जाऊ

माझी धाकटी जाऊ आमच्या चिंचवडच्या घरात आली, तेव्हा पिंपरीचा औषधांचा कारखाना नुकताच सुरू झाला होता आणि भाऊजींना तिथे नोकरी लागली होती. ती साताऱ्याकडच्या एका शाळामास्तरांची मुलगी, मी निघोज्याच्या शेतकऱ्याची. माझ्या लग्नाला बरीच वर्षं होऊनही मूल नव्हतं. मग निदान मास्तरीण तरी व्हावं, असं मी मनाशी धरलं होतं. त्यासाठी लागणाऱ्या सातवीच्या फायनल परीक्षेला घरून बसायची परवानगी मी मामंजींच्या मागे लागून लागून मिळवली होती. जाऊ येऊन थोडे दिवस झाले नाहीत, तोच मामंजी म्हणाले, "ही बी बसंल की तुझ्यासंगं. दोघी मिळून अभ्यास करा."

मी ज्यासाठी वर्षभर आर्जवं केली, ते तिला न मागता मिळालं. तेव्हापासून ती माझ्या डोळ्यांत खुपायला लागली.

त्यात तिचं पाठांतर! एकदा वाचलं की झालं. अंगण झाडताना ती सनावळ्या म्हणायची, आणि मी चुलीपुढे तेच पान पुन्हा पुन्हा वाचत बसायची. भूगोल तेवढा माझा होता. उतार कुठे, पाणी कुठे धावणार, हे रानात वाढलेल्या मला कुणी शिकवावं लागत नसे.

परीक्षा जवळ आली तेव्हा नेपाळ आणि भूतान यांच्या प्राकृतिक रचनेची तुलना तिच्या काही केल्या डोक्यात बसेना. "दोन्हीकडे हिमालय, दोन्ही भूवेष्टित, समुद्र कुणालाच नाही," ती वैतागून म्हणाली. "मग वेगळं काय लिहायचं, जाऊबाई?"

मला इतका आनंद झाला, की मी तिला हाताला धरून परसात नेलं. न्हाणीच्या पाण्याने तिथली माती कायम ओली असायची. मी पदर खोचला आणि मातीचा नेपाळ केला, पूर्व-पश्चिम लांबलचक. दक्षिणेला तराईची सपाट पट्टी, मग बुटके डोंगर, मग उंच डोंगर, आणि उत्तरेला मुठी भरभरून बर्फाची शिखरं. शेजारी भूतान केला, लहानखुरा. त्याच्या दक्षिणेची सपाटी अगदीच चिंचोळी ठेवली आणि बोटाने उत्तर-दक्षिण खोल दऱ्या पाडल्या. तांब्यातून पाणी ओतून नद्याही दाखवल्या. "नेपाळच्या कोसी, गंडकी गंगेला जातात. भूतानच्या ब्रह्मपुत्रेला."

ती उकिडवी बसून बघत राहिली. "किती सोपं केलंत हो!" म्हणाली. आणि मग पुढे झुकून माझ्या नेपाळ-भूतानच्या मधोमध तिने बोटाने माती उकरली. "पण इथे सिक्कीम राहिलं ना? तुम्ही दोघांना चिकटवलंत."

बरोबर होतं तिचं. माझाच विषय, माझीच माती, आणि चूक दाखवणार ही! मी हात धुतले आणि भाकरी टाकायच्या निमित्ताने आत निघून गेले.

परीक्षेत तो प्रश्न आला. मी भराभर लिहीत सुटले. मधे सिक्कीम आहे, हेही लिहिलं; आणि त्या ओळीचे गुण तिचे, या विचाराने माझा जीव तिथेही जळला.

दोघी पास झालो. तिचे गुण माझ्यापेक्षा चांगले होते. ट्रेनिंग कॉलेजला एकीलाच पाठवायचं, हे मामंजींनी आधीच सांगून ठेवलं होतं. मी आशा सोडली. पण निकालाच्या सुमारास तिला दिवस गेल्याचं कळलं, आणि सासूबाईंनी निकाल फिरवला.

"पोटुशी बाय पुण्याला जाती व्हय? न्हाई. थोरली जाईल."

मी आत जाऊन ट्रंकेवर बसले. हवं ते मिळालं होतं, तरी गोड लागेना. गुण तिला, मूलही तिला. आणि तिने सोडलेली जागा मला.

निघायच्या दिवशी चिंचवड स्टेशनवर ती मला पोचवायला आली. गाडी दिसली तशी रडायला लागली. मला वाटलं, माझ्यासाठी रडते आहे.

"खरं सांगू, जाऊबाई?" ती म्हणाली. "मला तुमचा हेवा वाटतो. किती वाटतो, ते सांगता येत नाही."

मला रागच आला. पोटात मूल असलेल्या बाईने माझा हेवा करावा? "वेडी आहेस," एवढंच म्हणून मी डब्यात चढले.

तिला मुलगी झाली. सुट्टीत घरी गेले की मी आधी पोरीला उचलून घ्यायची, आणि ती रडत आईकडे झेपावायची. ते बघून माझ्या काळजात कळ यायची. मग तिला थोपटता थोपटता जाऊ हळूच विचारायची, "कॉलेजात काय काय शिकवलं हो?" मी सगळं सांगायची. फळ्यावर लिहायची रीत, वर्गावर घ्यायचे पाठ, मैत्रिणी, वसतिगृहातली थट्टा, काहीही न गाळता. सांगताना तिच्या तोंडाकडे बघायची. तिचा चेहरा उतरत गेला, की मला फार बरं वाटायचं.