अक्कानं ओढलेली चादर

अक्का गेल्याचा फोन लातूरच्या दवाखान्यातून आला, तेव्हा मी ईश्वरीची वेणी घालत होते. त्याला आता दीड महिना झाला. भेटायला येणारा जो तो एकच म्हणतो, "बाई चांगली होती, पण तोंडाची लई फटकळ." होतीच! त्या तोंडामुळंच माझी लेक आज दोन्ही डोळ्यांनी बघते.

अक्का माझी थोरली जाऊ. मला आई नव्हती, म्हणून माझं बाळंतपण सासरीच, जळकोटला झालं. रिवाजाप्रमाणे खोलीच्या खिडकीला चादर लावलेली... सव्वा महिना लेकराला उजेड नको, वारं नको. एका सकाळी अक्कानं ती चादर खसकन ओढली, "माणसाचं लेकरू हाय, का अढीतला आंबा?" अन् उजेडात ईश्वरीच्या डाव्या बाहुलीत पांढरं दिसलं. मोतीबिंदू! तान्ह्या लेकराला!

सासूबाई म्हणाल्या, "जरा मोठी होऊ द्या, मग बघू."

अक्का उसळली, "मलाबी जन्मापासून हेच होतं, तवाबी असंच म्हणले होते! लग्नाच्या वयात ऑपरेशन केलं. डोळा साफ झाला, पण दिसतंय का त्यातून? डोळा थांबतो आत्याबाई, मेंदू थांबत न्हाई. लहानपणी बघायला शिकला न्हाई, तर पुन्हा शिकत न्हाई."

सव्वा महिना पुरा व्हायच्या आत आम्ही नांदेड गाठलं. डॉक्टरही तेच बोलले. ऑपरेशन झालं, पण खरी लढाई पुढं होती. डाव्या डोळ्याला जाड भिंगाचा चष्मा अन् रोज काही तास चांगल्या डोळ्यावर पट्टी. मेंदूनं डाव्या डोळ्याकडंही लक्ष द्यावं म्हणून. पोर रडून घर डोक्यावर घ्यायची, माझा जीव तुटायचा. शेजारीण म्हणाली, "चांगला डोळा कशाला झाकता गं?" अक्का म्हणाली, "तुम्ही पोराला कडेवर घेऊनच चालायला शिकवलं का?" वर त्या पट्टीवरच काजळाची तीट लावली. वर्षानुवर्षं हेच चाललं... अक्का हटली नाही.

आता आम्ही दुसऱ्या गावी राहतो. परवा जळकोटला गेलो. धाकटी जाऊ त्याच खोलीत बाळंत झाली आहे, अन् खिडकीला पुन्हा चादर. ईश्वरीनं विचारलंसुद्धा नाही. खसकन ओढली अन् बाळाच्या तोंडाशी वाकून म्हणाली, "डोळे उघड की रे, बघू दे."

"ही बी फटकळच निघाली," सासूबाई पुटपुटल्या.

"हाव," मी म्हटलं, "अक्कानंच वाढवलीय."