फळ्यावरची यादी सुमनबाईंची होती

अध्यक्षांनी फळ्यावरचा कागद टाचण्यांसकट ओढला आणि माझ्या टेबलावर आपटला. वाचनालयात सात-आठ वाचक होते. सगळ्यांच्या माना वर झाल्या.

"बाई, देव हाय का नाई, हे आता तुमी आमाले शिकवून राह्यल्या का?"

असं माझ्याशी कधी कोणी बोललं नव्हतं. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, इंग्रजीत एम.ए. झालेली मी. मूल गावच्या त्या वाचनालयाची मानद ग्रंथपाल. ते राईस मिलचे मालक. वाचनालयाची इमारत त्यांच्या देणगीतली.

मी म्हणाले, "मी नाही. ही पुस्तकं सुमनबाईंनी निवडलीत."

नातवंडांनो, श्रद्धा आणि माणसाचा स्वभाव यांवर विचार करायला लावणारी पुस्तकं सांग, असं तुम्ही पत्रात लिहिलंत. यादी सोबत आहे. पण ती कोणाची, हे आधी वाचा.

सुमनबाई वाचनालय झाडायच्या. सातवी शिकलेल्या, धानोऱ्याकडच्या. त्यांच्या गावात तापाने दोन मुलं दगावली, तेव्हा ही करणी करते म्हणून लोकांनी त्यांच्या आईला झाडाला बांधून मारलं. आई वाचली नाही. कामावर आल्या त्याच आठवड्यात त्यांनी मला विचारलं, "बाई, ओळखीचे लोकं असं काऊन करतात, याचं पुस्तक आहे का?"

मी एक दिलं. मग दुसरं. तीन वर्षांत त्यांनी अशा पुस्तकांचं अख्खं कपाट संपवलं. परत आलेल्या प्रत्येक पुस्तकात त्यांची एक चिठ्ठी असे. जमावाच्या वागण्यावरच्या पुस्तकात होती: 'हे वाचून माहा काका समजला. दोर त्यानं आणला होता.' देवांच्या इतिहासावरच्या जाड पुस्तकात: 'देव कुठून आला ते सांगते. माणूस कवा भ्याला ते सांगत नाई.'

त्या चिठ्ठ्या मी शुद्ध मराठीत उतरवायची. काका, दोर गाळायची. दर महिन्याला 'ही पुस्तके वाचा' म्हणून फळ्यावर लावायची. खाली माझी सही. झाडणाऱ्या बाईच्या नावाने कोण वाचेल, असं मी स्वतःला समजावलं होतं. लोक म्हणत, बाईंचं वाचन दांडगं. मी हसायची.

तीन वर्षं कौतुक माझं. बोलणी खायची वेळ आली, तेव्हा नाव त्यांचं.

अध्यक्ष हसले. "झाडूवाली? मंग जाऊ द्या." मग दाराकडे वळून, "काऊन वो सुमन, देव नाई म्हणते का तू?"

सुमनबाईंनी हातातलं ओलं फडकं बादलीत टाकलं. हात पदराला पुसले.

"तसं मी कुठी लिवलं नाई, भाऊ. माह्या मायले बांधाले देव आला नोयता, मानसं आले होते. एवढंच लिवलं. ते खोडाचं असंन तर खोडा. पण आधी खाली माहं नाव लिवा, मंग खोडा."

मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "सही तं बाईची आहे."

त्या गेल्या. परत आल्या नाहीत. अध्यक्ष म्हणाले, नवी बाई पाहा. मी पाहिली. पुढची दोन वर्षं त्यांना चालतील अशाच पुस्तकांची यादी लावली. त्या संध्याकाळी माझा अपमान झाला म्हणून मी घरी रडले, तुमच्या आजोबांनी चहा करून दिला. सुमनबाईंच्या घरी त्या दिवशी काय झालं, ते मी कधी विचारलं नाही.

आता वाचनालयाने माझा सत्कार ठरवला आहे. वाचनाची गोडी लावली म्हणून. पुढच्या रविवारी.

त्याआधी मी धानोऱ्याला जाणार आहे. सुमनबाई तिथेच आहेत, असं कळलंय. यादी त्यांच्या नावाने लावू का, एवढंच विचारणार. दारातून परत पाठवलं तर तशीच माघारी फिरेन. माफ करा म्हणून त्यांच्यावर आणखी एक काम टाकणार नाही.

रविवारी स्टेजवर मी शाल घेणार नाही. कोणाचे शब्द मी माझे म्हणून लावले आणि कोणाला पुढे करून मी सुटले, ते माइकवर सांगणार आहे. ज्यांना ऐकायचं नसेल त्यांनी उठून जावं. मी पूर्ण सांगूनच खाली उतरेन.