दादाचं गाणं, दादाच्याच नावावर

माहेरच्या दिवाळे गावाहून भाचीचा, प्रियाचा फोन आला तेव्हा मी घणसोलीला स्वयंपाकघरात होते. "आत्या, पप्पा गेले," एवढंच म्हणाली. मोरेश्वर, माझा थोरला भाऊ, दुपारी जेवून आडवा झाला तो उठलाच नाही... त्याला आता महिना उलटून गेला. रडू ओसरलंय, अभिमान मात्र दिवसेंदिवस वाढतोच आहे, म्हणून हे लिहितेय.

दादा खाडीत होडी घालायचा आणि लग्नसराईत बेंजो वाजवायचा. गाणीही स्वतःच रचायचा. माझ्या हळदीला त्याने एक गाणं केलं होतं. सासरी निघालेल्या बहिणीची वाट खाडीची भरती अडवून धरते, असं काहीसं. गावातल्या बायकांनी ते उचललं आणि मग दिवाळ्यात त्याच्याशिवाय हळदच लागेना.

काही वर्षांपूर्वी कुणीतरी ते मोबाइलवर टिपलं, धृपद तेवढं कापून घेतलं, वेग वाढवला, खाली तयार ठेका टाकला. रील तुफान चाललं, नाव भलत्याच माणसाचं. प्रियाने दादाच्या आवाजातलं मूळ गाणं टाकलं, तर दुसऱ्याची नक्कल म्हणून तेच काढून टाकण्यात आलं. पुढे एका मांडवात नवरदेवाच्या मित्रांनी दादाला सांगितलं, काका, चुकताय, रीलमध्ये आहे तसं वाजवा. त्याने तसं वाजवलं. मग सगळी कडवी आपल्या लयीत गायला. घरी आल्यावर मात्र जेवला नाही.

प्रिया हट्टाला पेटली. मी माळ्यावरून माझ्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट काढून दिली. तिच्यात तरुण दादा बेंजोवर बसलेला, तेच गाणं गात होता. तो पुरावा जोडून प्रिया तक्रारी करत राहिली, आणि अखेर गाणं परत आलं... दादाच्या नावाने.

मग एका कंपनीचा माणूस घरी आला. अगदी असंच आणखी एक हवं, ठेकाही हाच, सुरुवातीलाच लोकांना पकडणारं. आम्ही सगळे हरखलो. दादाने त्याला चहा पाजला आणि शांतपणे म्हणाला, "ते गानं माजी बहीन सासरी चालली तवा झालं. आता ती सुखात हाय. तेच रडू परत कुठून आनू?"

त्यानंतर तो नव्या गाण्यात रमला. प्रिया होडी चालवायला शिकली होती, तिच्यावरचं गाणं, इंजिनाच्या फटफटीच्या ठेक्यावर. येईल त्याला ऐकवायचा, पण पुरं होईस्तोवर मोबाइलवर चढवू देत नव्हता. ते अर्धंच राहिलं.

परवा दिवाळ्याला गेले. वरच्या खोलीत त्याच्या चटईवर प्रिया बेंजो घेऊन बसली होती. दोन कडवी गायली आणि दादा थांबला होता तिथेच थांबली. जुन्या गाण्यातल्या ओळी जोड, मी सुचवलं.

"नको आत्या," ती म्हणाली. "पुढचं मी करते."

तिने पट्ट्यांवर बोटं ठेवली. मी दाराला टेकून ऐकत राहिले.