बॅटरी मुद्दाम संपवली तो रविवार

"मॅडम, ह्या गाडीला जीवच न्हाय. चालू हाय का बंद, कळत न्हाय की!"

चादरींचे गठ्ठे भरून झाले होते. शुक्रवार पेठेतल्या दुकानांचे फोन सुरू झाले होते. आणि सिद्राममामा नव्या इलेक्ट्रिक ट्रकबाहेर हाताची घडी घालून उभे.

चिंचोळी एमआयडीसीतल्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत मी फ्लीट बघते. म्हणजे गाडी, ड्रायव्हर आणि माल यांची जुळवाजुळव. मामा आमचे सगळ्यात जुने ड्रायव्हर. बाकीचे त्यांच्याकडे बघून चालतात.

त्या दिवशी ते कसेबसे गेले. परतले ते घामानं निथळत. पंखा बंद, बॅटरी निम्म्याहून जास्त शिल्लक.

"मामा, एवढ्या उन्हात पंखा का नाही लावला?"

"चार्जिंग खातंय न्हवं. पेठेत मदीच बंद पडली तर? डिझेल कॅनमधनं आणून वतलं असतं. करंट कशात आणू?"

आमच्याकडे याला रेंजची भीती म्हणतात. रेंज म्हणजे एका चार्जिंगमध्ये गाडी जाते तेवढं अंतर. ब्रोशरमध्ये तो आकडा असतो. बोळात अडकलेल्या ट्रकमागे हॉर्न मारणारी माणसं ब्रोशरमध्ये नसतात.

दुसऱ्या दिवशी मामांनी सांगून टाकलं, "जुनी गाडी द्या, न्हायतर मी चाललो."

साहेब म्हणाले, "जाऊ दे. दुसरा ड्रायव्हर बघ."

"सर, मामा गेले तर या गाड्यांना कुणी हात लावणार नाही. रविवारी मला ट्रक द्या."

"कशाला?"

"बंद पाडायला."

साहेबांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "टोइंगवाल्याला सांगून ठेव."

रविवारी माल भरलेलाच ट्रक घेऊन निघालो. मामा चालवत होते, मी शेजारी. पंखा फुल्ल. कुंभारीला मामांच्या घरी चहाला थांबलो, तर महादेवीमामी म्हणाल्या, "मी बी येते." डिझेल गाडीत इंजिन सीटखालीच. त्या आवाजानं आणि धगीनं मामी कधी नवऱ्याच्या गाडीत बसल्याच नव्हत्या.

भर उन्हात फिरत राहिलो. मामा मामींना कुठला माल कुठं उतरवतात ते सांगत होते. मामी ऐकता ऐकता म्हणाल्या, "अवो, तुमाला एवढं हळू बोलता येतंय व्हय? मग घरात का वरडता?"

मामा म्हणाले, "दिवसभर इंजिनावर वरडून सवय लागली गं."

"मग हीच चालवा की."

एमआयडीसीत परत येईपर्यंत स्क्रीन लाल झाली होती. गाडीनं आवाज देऊन बजावलं, मग आपणहून वेग कमी केला. मामांनी स्टेअरिंग घट्ट धरलं. आम्ही कंपनीभोवती चकरा मारत राहिलो. बऱ्याच वेळानं ट्रक गेटसमोर शांतपणे थांबला.

"एवढंच?" मामा म्हणाले. "किती येळ आदी सांगती की! डिझेल गाडी इतकं कुटं सांगती?"

टोइंगवाल्यानं ओढून चार्जरला लावली. सोमवारी मामा पंखा लावून पेठेत गेले. त्या आठवड्यात बाकीचे ड्रायव्हरही किल्ली मागायला लागले.

आता नव्या ड्रायव्हरला आम्ही आधी बॅटरी संपवायला लावतो. आणि जमलं तर घरच्यांनाही गाडीत बसवतो. रेंजच्या आकड्यांची ट्रेनिंगची स्लाइड मी अजून दाखवते. चहा येईपर्यंत तेवढाच वेळ जातो.