माहितीपुस्तकाचं शेवटचं पान

तंजावुरातल्या त्या गल्लीत कुणाच्या मुलाचा बारावीचा निकाल लागला, की मिठाई वाटण्याआधी कॉलेजांची माहितीपुस्तकं रघुनाथरावांच्या ओट्यावर यायची. रघुनाथराव कालवा खात्यातले हेडक्लार्क. जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करायचं, पट्टीनं रेघा ओढायच्या आणि कॉलेजं एकाखाली एक मांडायची. किती टक्के लागतात, कोणते विषय हवेत, प्रवेशपरीक्षा आहे का. पहिला रकाना मात्र कायम घरापासूनच्या अंतराचा. भाषा मराठी, अक्षरं तमिळ. कारण पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणाऱ्या त्या घरात देवनागरी वाचणारं कुणी उरलंच नव्हतं. पोरं पाठीमागे त्यांना ‘तक्तेराव’ म्हणायची आणि अर्ज भरायची वेळ आली की मुकाट्यानं त्यांच्यासमोर येऊन बसायची. काय गजबज असायची तेव्हा त्या ओट्यावर! आता पंच्याऐंशी उलटलेल्या रघुनाथरावांना ती गजबज दुपारी झोपेतसुद्धा ऐकू येते.

यंदा तक्ता त्यांच्या नातीसाठी, नित्यासाठी होता. तिला संख्याशास्त्रात एम.एस्सी. करायचं होतं, आणि मनातून पुण्यालाच जायचं होतं. सगळं मोबाइलवर दिसत असताना तक्ता कशाला, असं ती म्हणाली नाही. शहाणी पोर. ती सांगत गेली, आजोबा लिहीत गेले. तिरुचिरापल्ली झालं, चेन्नई झालं.

“तात्ता, पुण्याला माझे मार्क पुरतात,” नित्या तमिळमध्ये म्हणाली. तिला मराठी सगळं समजायचं, बोलायची मात्र ती तमिळच.

“मराठी लिहायला यावं लागतं कीं तेथें,” रघुनाथराव म्हणाले.

“असं कुठे लिहिलंय?”

रघुनाथरावांनी ट्रंकेतून एक पिवळं पडलेलं माहितीपुस्तक काढलं. तीस वर्षांपूर्वी त्यांच्या मुलीसाठी, नित्याच्या आईसाठी, पुण्याच्या एका कॉलेजातून आलेलं. नागलक्ष्मी गणितात जिल्ह्यात पहिली आली होती. पुस्तक सगळं इंग्रजीत, शेवटचं एकच पान देवनागरीत. ते पान उलटसुलट बघून रघुनाथरावांनी तक्त्यात लिहून टाकलं होतं, ‘मराठी लेखन सक्तीचं.’ नागलक्ष्मी मग टाउन बसनं इथल्याच कॉलेजात गेली आणि पुढे शाळेत गणित शिकवू लागली. रोज संध्याकाळी तिच्या चपलांचा आवाज दारात यायचा. त्या आवाजावर रघुनाथरावांचा फार जीव होता.

नित्या शाळेत हिंदी शिकली होती. तिनं ते पान हातात घेतलं आणि अडखळत वाचलं, “वसतिगृहात येताना ताट, वाटी व तांब्या स्वतःचा आणावा. भांड्यांवर नाव घातलेले असावे.” तिनं पान उलटून पाहिलं. “एवढंच आहे, तात्ता.”

कॉफी घेऊन आलेली नागलक्ष्मी दारातच थांबली. तिनं सगळं ऐकलं होतं.

रघुनाथरावांना मान वर करवेना. “राजवाड्यांत मराठी वाचणारे पंडित होते, नागू. सायकलीनें दहा मिनिटं. मी गेलों नाहीं. विचारलं असतं तर तूं गेली असतीस.”

नागलक्ष्मीनं कॉफी खाली ठेवली.

“मला वाटलं, आपल्याच भाषेनं मला दाराबाहेर ठेवलं,” ती म्हणाली. “म्हणून या पोरीशीं मी कधीं मराठी बोललें नाहीं, अप्पा. एक शब्द नाहीं.”

रघुनाथराव रडले. म्हातारा माणूस रडतो तसं, आवाज न करता, नाक पुसत. मग त्यांनी पट्टी घेतली आणि अंतराच्या रकान्यावर वरपासून खालपर्यंत काट मारली. पुण्यापुढे बरोबरची खूण करताना पेन्सिलीचं टोक मोडलं.

नागलक्ष्मी त्यांच्याकडे बघत राहिली. माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि त्यांनीही ते मागितलं नाही. मग ती लेकीकडे वळली आणि वीस वर्षांत पहिल्यांदा तिच्याशी मराठीत बोलली.

“नित्या, ताट-वाटी उद्यां घेऊं. नांव कोणत्या अक्षरांत घालायचं, तें तूंच सांग.”