कानामागचा चुना

तरे मॅडम टेबलाजवळ आल्या की सगळ्यात आधी दोन्ही हात पाठीमागे बांधायच्या. टेबलावर मयत, बाजूला हत्यारं मांडलेली, आम्ही पोलीस नाकाला रुमाल लावून कधी एकदा संपतंय याची वाट बघत उभे, आणि ही बाई शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखी हात मागे घेऊन टेबलाभोवती फेऱ्या मारतेय! डोक्यापासून पायापर्यंत, मग पायापासून डोक्यापर्यंत. एकदा न राहवून मी विचारलंच. म्हणाल्या, "हात मोकळे असले की घाई करतात, म्हात्रे. आधी डोळे, मग हात, आणि पाणी सगळ्यात शेवटी." पाणी म्हणजे मयत धुणं. त्यांनी बघायच्या आधी कुणी मयताला ओला फडका जरी लावला, तर त्याची धडगत नसे.

मी भिवंडी तालुक्यातला हवालदार. संशयास्पद मृत्यू झाला की मरणोत्तर पंचनामा लिहायचा आणि मयताबरोबर सरकारी रुग्णालयाच्या शवागारात जायचं, ही ड्युटी वर्षानुवर्षं माझ्याच कपाळी आली. मॅडम तिथल्या डॉक्टर. बेताची उंची, खणखणीत आवाज आणि केसांत रोज अबोलीचा गजरा. "इथल्या वासात तेवढा एकच माझ्या बाजूने असतो," म्हणायच्या. माणूस आमच्याच खाडीकाठचा, त्यामुळे गाववाल्यांशी बोलताना 'हाय, न्हाय' आपसूक तोंडात यायचं. माझ्याशी मात्र शुद्ध मराठीत भांडायच्या. पंचनाम्यात मी 'संशयास्पद' लिहिलं की लाल पेनाने गोल करायच्या आणि विचारायच्या, "कुणाला संशय आहे? मयताला? जे दिसलं ते लिहा, जे वाटलं ते घरी बायकोला सांगा."

एकदा यंत्रमागवाल्यांच्या वस्तीतून एक मयत आलं. दोन्ही हातांवर, छातीवर काळेनिळे डाग. मी ऐटीत लिहिलं, 'जबर मारहाणीच्या खुणा', आणि त्याच्या खोलीतल्या दोघांना चौकीत बसवून ठेवलं. मॅडमनी नेहमीप्रमाणे फेऱ्या मारल्या, नखं बघितली आणि अगदी शेवटी ओल्या कापसाचा बोळा डागावर फिरवला. माझी जबर मारहाण अर्धी त्या कापसावर आली! माणूस कापड रंगवायच्या कारखान्यात कामाला होता. मेला होता हृदयविकाराने. "जा, त्या दोघांना चहा पाजून सोडा," एवढंच म्हणाल्या. मी पाजला, काय करता.

पण मॅडम म्हटलं की मला आठवते ती दिघाशी गावची रेखा.

भातकापणी नुकतीच झाली होती. रेखाचा नवरा गणेश राहनाळच्या गोडाऊनमध्ये माल चढवायच्या कामावर. तिशीचा, धडधाकट गडी. पहाटे पोटात कळ येऊन उठला, उलट्या झाल्या, डोळे मिटायला लागले, जीभ जड झाली, आणि रुग्णालयात आणेपर्यंत वाटेतच गेला. त्याच्या भावाने तिथेच बोंब मारली, "वहिनीनं विष घातलं!" आदल्या संध्याकाळी नवराबायकोचं कडाक्याचं भांडण झालेलं. 'मर एकदाचा' असं रेखा ओरडली होती आणि ते सगळ्या आळीने ऐकलं होतं. जेवण तिनेच वाढलेलं. त्यात घराची झडती घेतली तर फळीवर उंदराच्या औषधाची फोडलेली पुडी. मला आणखी काय हवं होतं? सासूने चार वर्षांची पिंकी रेखाच्या हातातून ओढून घेतली आणि म्हणाली, "हिच्या हातचा पानी पन न्हाय पाजायची माज्या नातीला." रेखा नुसतं एकच बोलत होती, "मी काय न्हाय केला ओ." असं तर सगळेच म्हणतात, असं मला तेव्हा वाटलं. आज लाज वाटते.

रेखाला महिला शिपायाबरोबर रुग्णालयाच्या व्हरांड्यात बसवलं आणि मी आत गेलो. मॅडमच्या फेऱ्या सुरू झाल्या. दुसऱ्या फेरीला त्या गणेशच्या डोक्याशी थांबल्या, उजव्या कानामागचे केस बाजूला केले आणि म्हणाल्या, "म्हात्रे, तुम्ही तंबाखू खाता ना? चुना कुठे लावता?"

"तळहातावर, मॅडम."

"मग ह्याने कानामागे का लावलाय?"

मी वाकून बघितलं. केसांच्या आड शेंगदाण्याएवढा पांढरा ठिपका. सकाळी मीही तो बघितला होता. तंबाखू खाणारा माणूस, लागला असेल चुना, म्हणून कागदावर घेतलाच नव्हता. मॅडम तशाच बाहेर आल्या, रेखासमोर उकिडव्या बसल्या आणि आमच्या बोलीत विचारलं, "बाय, त्याच्या कानामागं चुना कोनी लावला?"

"मीच," रेखा म्हणाली. "पहाटं बोलला, कायतरी चावला. डास असंल म्हनून मी चुना लावला."

"मग हवालदारांना का न्हाय सांगितला?"

"त्यांनी इचारलाच न्हाय. ते इचारीत व्हते, जेवान काय केलेला."

मॅडमनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, आणि तेच जास्त लागलं. आत येऊन त्यांनी चुना खरवडून बाटलीत घेतला, मग जागा ओल्या कापसाने पुसली आणि भिंग माझ्या हातात दिलं. दोन टिंबं. सुई टोचावी इतकी बारीक, ना सूज, ना रक्त. "झोपला कुठे होता?" त्यांनी विचारलं. जमिनीवर, चटई टाकून. तेही मी लिहिलं नव्हतं. "मण्यार," मॅडम म्हणाल्या. "झोपलेल्याला चावते आणि चावल्याचं धड कळतही नाही. मग पोटात कळ, डोळे मिटणं, जीभ जड होणं, शेवटी श्वास बंद. पण हे मला वाटतंय, म्हात्रे. वाटलेलं लिहायचं नसतं." त्यांनी त्या जागेची कातडी कापून घेतली, व्हिसेरा म्हणजे पोटातल्या अवयवांचे तुकडे वेगळ्या बरण्यांत भरले, सगळं सीलबंद करून प्रयोगशाळेला पाठवलं, आणि मृत्यूच्या कारणापुढे लिहिलं, 'अभिप्राय राखून ठेवला.' त्या तीन शब्दांवर रेखाची अटक थांबली.

दुसऱ्या दिवशी मॅडम स्वतः दिघाशीला आल्या. मी ती पुडी दाखवली. "अहो, घरात उंदराचं औषध म्हणजे घरात उंदीर. आणि उंदीर खायला काय येतं?" त्यांनी सोबत एक सर्पमित्र आणला होता. त्याने गणेशच्या चटईमागचा पेंढा काठीने उचलला, भिंतीच्या बिळात टॉर्च मारला आणि थोड्या वेळाने चिमट्यात धरून काढली! काळीकुळकुळीत, अंगावर बारीक पांढरे पट्टे. अंगणात जमलेली माणसं मागे सरली. तरी दीर बोललाच, "साप हाय, पन तोच चावला कशावरनं?" मला त्याचा असा राग आला! मॅडम मात्र शांत. "बरोबर विचारलास. ह्याचं उत्तर कागद देईल."

कागद यायला दोन महिने लागले. तोवर रेखा अंबाडीला माहेरी, पिंकी दिघाशीला. रेखा दर आठवड्याला शवागाराच्या दारात येऊन उभी राहायची. मॅडम तिच्यासमोर डबा उघडायच्या आणि म्हणायच्या, "आज पन न्हाय आला. जेव." अहवाल आला तेव्हा त्यांनी मला फोन केला. पोटात कसलंही विष नाही. कानामागच्या कातडीत सापाच्या विषाचा अंश. मी म्हटलं, "जिंकलो, मॅडम! पाठवा ठाण्याला, फाइल बंद करतो."

"फाइल बंद होईल हो. गावाची तोंडं कोण बंद करणार? गाडी काढा. रेखाला घेऊ."

भर दुपारी, सगळ्या आळीदेखत मॅडमनी रेखाचा हात धरून तिला अंगणात आणलं. खुर्चीवर बसून अहवाल मोठ्याने वाचला, पहिल्या ओळीपासून सहीपर्यंत. सासू दारात पिंकीला धरून उभी. कुणी हलेना. मग मॅडमनी चष्मा काढला आणि नेहमीच्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "रेखा, उन्हातून आलेय. चहा टाक गो."

रेखाने आत जाऊन चूल पेटवली. कप घेऊन आली. सगळं अंगण त्या कपाकडे बघत होतं. मॅडमनी फुंकर घातली, सावकाश घोट घेतला, मग दुसरा, आणि तक्रार केली, "साखर कमी हाय."

सासूची पकड कधी सुटली कुणास ठाऊक, पिंकी धावत जाऊन आईच्या पायांना बिलगली. मग म्हातारी पुढे आली, पदराने डोळे पुसले आणि हात पुढे केला. "मना पन दे गो घोटभर."

मॅडम आता निवृत्त झाल्यात. मी मात्र अजूनही मयताजवळ गेलो की आधी दोन्ही हात पाठीमागे बांधतो. आणि त्या चहाचं विचाराल, तर साखर खरंच कमी होती. मी दोन कप प्यालो.